हल्ल्याच्या आदल्या दिवशीचा फोन

आमच्या हडपसरच्या इमारतीत तीन निवृत्त फौजी अधिकारी राहतात आणि तिघंही आत्मचरित्र लिहितात. एकाचं छापून झालंय, एकाचं गेली कित्येक वर्षं ‘अंतिम टप्प्यात’ आहे, आणि तिसरे आमचे हे. छापून झालेलं मी वाचलं. त्यात ते गृहस्थ एकटेच लढले आहेत. मधूनमधून जवान दिसतात, पण ते बहुतेक ‘जी साब’ म्हणायला.

आमचे हे लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाले. पहिली दोन वर्षं गोल्फ खेळले, मग गुडघ्यानं नाही म्हटलं. मग टीव्हीवाले बोलवायला लागले. संध्याकाळी कोट-टाय वर आणि खाली घरातला पायजमा अशा थाटात हे लॅपटॉपपुढे बसत आणि पडद्यावरच्या आठ चौकटींतली एक चौकट होत. बाकीच्या सात चौकटी एकाच वेळी ओरडत असल्यामुळे यांना चाळीस वर्षांच्या नोकरीबद्दलचं एकही वाक्य कधी पूर्ण करता आलं नाही. महिन्याभरात ते बंद झालं. मी देवापुढे दिवा लावला. त्यानंतर यांनी जाहीर केलं, की आता आपण पुस्तक लिहिणार, आणि तेही मराठीत.

“इंग्रजीत सगळेच लिहितात,” ते म्हणाले. “मराठी मुलांना कळलं पाहिजे.”

हेतू उत्तम होता. अडचण मराठीची होती. सोळाव्या वर्षी घर सोडून अकादमीत गेलेला माणूस. पुढचं सगळं आयुष्य इंग्रजीत हुकूम सोडले आणि हिंदीत शिव्या दिल्या. मराठी फक्त माझ्याशी आणि सासूबाईंशी, आणि त्यातही माझ्याशी बरंचसं मौन. मी कसबा पेठेत वाढले आणि जिथे बदली होईल तिथल्या शाळेत मुलांना भाषा शिकवली, पुण्यात परतल्यावर मराठी. तेव्हा शुद्धलेखन तपासायचं काम न विचारता माझ्याकडे आलं. फौजेत बायकोला विचारून काही करण्याची पद्धत नाही. बदलीसुद्धा बायकोला सामान बांधायच्या सुतळीवरून कळते.

पहिलंच प्रकरण वाचताना मी त्यांना हाक मारली. “अहो, ‘आम्ही शत्रूला रात्रभर व्यस्त ठेवले’ म्हणजे काय केलंत? पाटावर बसवून जेवायला वाढलंत?”

“एंगेज केलं. गोळीबारात.”

“मग गुंतवून ठेवलं म्हणा. आणि हे ‘रणनीतिक पुनर्स्थापना’?”

ते जरा थांबले. “विथड्रॉवल.”

“त्याला मराठीत माघार म्हणतात.”

“माघार शब्द बरा दिसत नाही.”

“माघारही बरी दिसत नसेल,” मी म्हटलं, आणि शब्द बदलला.

असं आमचं चाललं होतं. सकाळी ते लिहीत, दुपारी मी तपासत असे. पानं वाढत गेली. अकादमी झाली, पहिली पोस्टिंग झाली, एका घोड्याला पाऊण पान मिळालं. मग एका कोर्समध्ये पहिला नंबर आल्याचं वर्णन, आणि त्यापुढचं वाक्य असं: ‘याच सुमारास माझा विवाह झाला.’ त्यानंतर लगेच दुसरा कोर्स. मी व्याकरण तपासलं. वाक्य शुद्ध होतं. पान उलटलं.

मग युद्धाचं प्रकरण आलं.

त्या युद्धात हे आमच्या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर होते. पंचवीसेक वर्षं झाली. उत्तरेतल्या एका छावणीत आम्ही राहत होतो. उन्हाळ्यात एकाएकी हुकूम आला, आणि आमचीच नव्हे, तिथली अख्खी ब्रिगेड डोंगरावर रवाना झाली. छावणीत उरल्या बायका, मुलं, थोडे क्लार्क आणि आजारी जवान. पलटण मराठी मुलखातली, त्यामुळे क्वार्टर्समधल्या बायका सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या. बऱ्याच जणी पहिल्यांदाच गावाबाहेर आलेल्या.

चढाईचं जे प्रकरण यांनी लिहिलं, त्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. ती पानं खरी आहेत हे वाचताना कळतं. तिथे ‘व्यस्त’ नाही, ‘पुनर्स्थापना’ नाही. कोण कुठल्या दगडाआड पडला आणि शेवटचं काय बोलला, हे सरळ सांगितलंय. प्रत्येक मेलेल्या मुलाचं नाव आणि गाव दिलंय. ती पानं लिहिली त्या दिवसांत हे जेवत नव्हते, मी आग्रह केला नाही. मी तिथे फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं.

पण त्या चढाईच्या आधी एक परिच्छेद होता. ‘हल्ल्याच्या आदल्या दिवशी मला पत्नीशी फोनवर बोलण्याची संधी मिळाली. “घरची चिंता करू नका, विजयी होऊनच या,” ती म्हणाली. तिच्या त्या धीरोदात्त शब्दांनी माझ्यात दहा हत्तींचं बळ संचारलं.’

मी पेन्सिल खाली ठेवली.

मी असलं वाक्य नाटकातल्या पात्राच्या तोंडीही सहन करत नाही. आणि त्या फोनवर मी काय बोलले होते ते मला पक्कं ठाऊक आहे. एकच शब्द बोलले होते.

झालं होतं ते असं.

आमच्या ब्रिगेड कमांडरच्या पत्नी म्हणजे छावणीतल्या सगळ्यात वरच्या बाई. आम्ही त्यांना बड्या मॅडम म्हणायचो. फौजेत नवऱ्याच्या खांद्यावरचे तारे बायकोच्या जिभेवर उगवतात, हे मी लग्नानंतर लवकरच शिकले होते. बड्या मॅडमच्या जिभेवर ते जरा जास्तच लखलखायचे. चहापार्टीत कोण कुठल्या सोफ्यावर बसणार, समोशाची बशी आधी कुणापुढे जाणार, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. डोंगरावर तोफा धडधडत असतानाही यात फरक पडला नाही.

युद्ध ऐन भरात असताना त्यांनी आम्हा चार-पाच जणींना बंगल्यावर बोलावलं. आणखी वरच्या एका साहेबांच्या पत्नी ‘फॅमिलीजचं मनोधैर्य वाढवायला’ येणार होत्या. तेव्हा वेल्फेअर सेंटरमध्ये स्वागताचा कार्यक्रम व्हायला हवा होता. पंजाबी बायकांचा गिद्धा आणि आमच्या पलटणीच्या बायकांचं कोळीनृत्य.

मी म्हटलं, “मॅडम, बायका दिवसभर रेडिओला कान लावून बसलेल्या असतात. नाचायच्या मनःस्थितीत कुणी नाही.”

त्या हसल्या. “म्हणूनच तर नाचवायचं. मन रमेल.”

कपाळावर हात मारावासा वाटला, पण नवरा डोंगरावर आणि त्याचा साहेब याच बाईंचा नवरा. मी गप्प बसले. बायकांना विचारलं, तर गंमत म्हणजे त्या तयार झाल्या. एका नाईक हुद्द्याच्या जवानाची बायको होती, कऱ्हाडजवळच्या खेड्यातली, उंच, हसरी. ती म्हणाली, “करू की मॅडम. घरात बसून तरी काय करायचं हाय? भिंतीच बघायच्या.” तिनंच सगळ्यांना गोळा केलं, साड्या जमवल्या. तीच पुढे नाचणार होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी छावणीची व्यवस्था बघायला मागे ठेवलेला कॅप्टन माझ्या दारात आला. कोवळा मुलगा, टोपी काखेत धरलेली. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कुणाचं ते फक्त विचारायचं होतं. त्या नाईकचं होतं.

अशी बातमी घेऊन कमांडिंग ऑफिसरच्या बायकोनं जायचं असतं. याचं प्रशिक्षण कुणी देत नाही, फक्त नॅपकिनची घडी कशी घालायची याचं देतात. आम्ही चालत गेलो. क्वार्टरचं दार उघडंच होतं. तिनं मला पाहिलं, मागे कॅप्टनला पाहिलं. मुलगी पलंगावर बसून पाव खात होती.

“बसा की मॅडम,” ती म्हणाली. “चा टाकते.”

मी म्हटलं, “नको गं. तू बस इथे.”

“गॅसवर दूध हाय,” ती म्हणाली. आत गेली, दूध वर येईपर्यंत उभी राहिली, गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि बाहेर आली. मग विचारलं, “त्यांचंच हाय न्हवं?”

“हो.”

ती खाली बसली ती माझ्या पायावरच. मी तिला धरून बसून राहिले. कॅप्टन दारात उभा राहून रडत होता, त्याला पाणी तिच्या शेजारणीनं दिलं.

दुपारी मला बंगल्यावरून बोलावणं आलं. मला वाटलं, बातमी कळली असेल, विचारपूस असेल. कळलीच होती. बड्या मॅडम म्हणाल्या, “फार वाईट झालं, सो सॅड.” मग जरा थांबून, अगदी मऊ आवाजात, “पण नाचात तिच्या जागी दुसरी कुणी उभी राहील ना? पुढची रांग मोकळी दिसायला नको.”

तिथे आणखी तीन बायका बसल्या होत्या. मला राग आला की नाही तेही आठवत नाही. एकदम गार वाटलं एवढं आठवतं. मी म्हटलं, “मॅडम, नवरा सुखरूप असल्याची खात्री असलेल्या बायकाच उद्या नाचू शकतील. ती खात्री छावणीत फक्त तुम्हाला आहे. कमांडर साहेबांचं हेडक्वार्टर बरंच मागे आहे. तेव्हा पुढच्या रांगेत तुम्हीच उभ्या राहा.”

आणि मी उठून आले. घरी जाण्याआधी वेल्फेअर सेंटरला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. नाच झाला नाही. पाहुण्या बाई आल्या, बंगल्यावर चहा पिऊन गेल्या. मनोधैर्य कुणाचं वाढलं, कळलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आर्मी एक्स्चेंजमधून फोन आला. इतक्या आठवड्यांत पहिला. ऑपरेटर म्हणाला, साहेब बोलणार आहेत. खरखर झाली, आणि मग यांचा आवाज आला. मुलांचं विचारलं नाही, माझं विचारलं नाही.

“तू मॅडमना काय बोललीस?” हे म्हणाले. “त्यांना भेटून माफी माग. ताबडतोब.”

मी क्षणभर वाट पाहिली, पुढे काही येतंय का म्हणून. खरखर येत होती.

मी म्हटलं, “बरं.”

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी हे पलटण घेऊन त्या कड्यावर चढले, हे मला नंतर कळलं. मी माफी मागितली नाही. मागायचा विचारही केला नाही. त्या नाईकच्या बायकोला गाडीत बसवून गावी पोचवायचं होतं, तिच्या कागदपत्रांच्या मागे लागायचं होतं. पुढे ती गावच्या शाळेत नोकरीला लागली, मुलीला शिकवलं. तिची मुलगी आता इथे पुण्यातच आहे, दिवाळीला फराळ घेऊन येते.

आणि मजा अशी, की काहीच बिघडलं नाही. कडा जिंकला, यांना पदक मिळालं, बढत्या मिळाल्या. त्या फोनबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. हे परत आले तेव्हा इतके वाळले होते, आणि झोपेत असे दचकायचे, की कुठल्या तोंडानं विषय काढणार होते मी?

तर असा तो फोन. आणि आता पंचवीस वर्षांनी त्यातून दहा हत्ती बाहेर आले होते.

मी कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. “हे कोण म्हणालं?”

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. “तू.”

“मी? ‘विजयी होऊनच या’?”

“अगं, शब्द जरा इकडेतिकडे झाले असतील. मथितार्थ तोच होता.”

“मथितार्थ?” मी म्हटलं. “मी ‘बरं’ म्हणाले. त्याच्या आधी तुम्ही मला बड्या मॅडमची माफी मागायला सांगितलंत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला आधी वाटलं, कानकोंडे झालेत. मग लक्षात आलं, त्यांना खरंच आठवत नव्हतं. आठवायला बराच वेळ लागला. मी समोरच्या खुर्चीत बसून राहिले, घाई मलाही नव्हती.

“हो,” शेवटी ते म्हणाले. “ब्रिगेड हेडक्वार्टरला होतो मी. शेवटचे हुकूम घ्यायला गेलो होतो. साहेबांनी स्वतः फोन लावून दिला. म्हणाले, आधी तुझ्या बायकोला सरळ कर. आणि तिथेच बसून राहिले, ऐकत.”

“म्हणजे तो फोन त्यासाठीच होता.”

“त्यासाठीच होता. पण मला वाटलं, तेवढाच तुझा आवाज ऐकू येईल.” ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. “पोरांना घेऊन वर जायचं होतं गं. परत येईन की नाही, ठाऊक नव्हतं. त्यांच्याशी हुज्जत घालायची ती वेळ नव्हती.”

हे मला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षं ठाऊक नव्हतं. ऐकून मी थोडी विरघळले हे खरं आहे, पण थोडीच.

“मग हेच लिहा,” मी म्हटलं. “हे आत्ता बोललात ते. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान होईल.”

“कसं लिहिणार? साहेब हयात आहेत.”

“असू देत की. त्यांना दीर्घायुष्य लाभो.”

“प्रकाशनाला तेच प्रमुख पाहुणे आहेत.”

आता यावर काय बोलायचं? समोरून मशीनगन चालत असताना हा माणूस पोटावर सरकत वर गेला होता. हे मी ऐकीव सांगत नाही, सोबतच्या सुभेदारानं माझ्या घरी बसून सांगितलंय. तोच माणूस आता वानवडीतल्या एका ऐंशीला टेकलेल्या म्हाताऱ्याला घाबरत होता. त्या म्हाताऱ्याला जिना चढताना दोघांचा आधार लागतो. शत्रूला भिऊ नये हे अकादमीत शिकवतात, साहेबाला भिऊ नये हे शिकवायचं राहून जातं, आणि मग पेन्शनीतही ते जमत नाही. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते उठून बाल्कनीत गेले आणि समोरच्या आयटी पार्कच्या काचांकडे बघत उभे राहिले.

आठवडाभर आमच्यात मिठाची बरणी आणि वर्तमानपत्र यापलीकडे बोलणं नव्हतं. मग सुधारलेलं पान माझ्या टेबलावर आलं. हत्ती गेले होते. धीरोदात्त शब्द गेले होते. उरलं होतं एवढंच: ‘हल्ल्याच्या आदल्या दिवशी पत्नीशी फोनवर बोललो.’ पूर्णविराम. खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. मी त्यावर बरोबरची खूण केली. शिक्षिकेला वाक्य तपासायचा अधिकार असतो, न लिहिलेलं तपासायचा नसतो.

प्रकाशन समारंभ एका छोट्या सभागृहात झाला. पुणेरी शिस्तीनं वेळेवर सुरू झाला. वक्त्यांनी मात्र ती शिस्त पाळली नाही. साहेब व्यासपीठावर बसून अधूनमधून डुलक्या घेत होते. बोलायला उभे राहिले आणि पुस्तकाबद्दल एकही शब्द न बोलता त्या युद्धात आपण काय काय केलं ते सांगून खाली बसले. ऐकताना आमचे हे त्या डोंगरावर होते की नव्हते याचीच शंका यावी. हे शेजारी बसून मान डोलावत होते.

नंतर चहाच्या वेळी बड्या मॅडम माझ्याजवळ आल्या. केस पांढरेशुभ्र, गळ्यात मोती, अजूनही ताठ. माझा हात हातात घेऊन त्या हिंदीत म्हणाल्या, “ते दिवस किती छान होते नाही? तुमच्या बायकांचा तो कोळी डान्स. अजून डोळ्यांपुढे आहे.”

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. बाई मनापासून बोलत होत्या.

“मॅडम, तो नाच झालाच नव्हता,” मी म्हटलं. “पुढे नाचणारी बाई आदल्या दिवशी विधवा झाली.”

“हो?” त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या खरंच विचार करत होत्या. “मग मी पाहिला तो कुठल्या युनिटचा असेल?”

मी म्हटलं, मला कल्पना नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि बटाटेवड्याच्या बशीकडे वळल्या. इतकी वर्षं या बाईंबद्दल मनात जे काही सांभाळून ठेवलं होतं, ते ठेवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. अशा माणसाचा राग करणं म्हणजे आपलाच वेळ फुकट घालवणं.

परत येताना गाडी हेच चालवत होते. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती, आम्ही एका सिग्नलला अडकलो होतो.

“काय म्हणत होत्या मॅडम?” त्यांनी विचारलं.

“नाच आवडला म्हणाल्या.”

“कुठला नाच?”

“न झालेला.”

सिग्नल पडला, सुटला, आम्ही जेमतेम चार गाड्या पुढे सरकलो आणि पुन्हा अडकलो. हे समोरच्या बसच्या पाठीकडे बघत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, “त्या दिवशी मी तुला तसं सांगायला नको होतं.”

एवढ्या वर्षांत यांच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला काय वाटलं ते सांगायला मलाच शब्द शोधावे लागले असते, आणि तेवढा वेळ नव्हता. सिग्नल पुन्हा सुटला होता आणि मागचे रिक्षावाले हॉर्नवर हात दाबून बसले होते.

“गाडी काढा,” मी म्हटलं. “मागचे ओरडतायत.”